टर्मिनलची तळओळ स्थिर ठेवताना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी बॅकअपची स्क्रिप्ट रात्रभर चालते आणि प्रत्येक फाइलचे नाव टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, छापत जाते. एकूण काम किती झाले हे सांगणारी ओळ त्या गर्दीत वर सरकून दिसेनाशी होत असे. ती तळाशी स्थिर राहावी म्हणून मी एस्केप संकेत, म्हणजे पडद्यावर न छापता टर्मिनललाच सूचना देणारे अक्षरांचे क्रम, वापरू लागलो, त्याला आता आठ महिने झाले.

हे संकेत १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे (तेव्हा टर्मिनल म्हणजे पडदा आणि कळफलक असलेले यंत्र) रूढ झाले आणि आजच्या बहुतेक टर्मिनल खिडक्या त्याच यंत्राची नक्कल करतात. आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतावलीतील २७ क्रमांकाचे एस्केप अक्षर, डावा चौकटी कंस, ओळ, अर्धविराम, रकाना आणि शेवटी कॅपिटल एच असे पाठवले की कर्सर त्या जागी जातो. मोजणी शून्यापासून नव्हे, तर एकपासून होते आणि ओळीचा आकडा आधी येतो; आलेखाची सवय असलेल्या माझा या दोन्ही बाबतींत गोंधळ झाला.

खरी उपयुक्त गोष्ट म्हणजे स्क्रोलचा पट्टा. चोवीस ओळींच्या खिडकीत १ ते २३ असा पट्टा स्मॉल आर या अक्षराने संपणाऱ्या संकेताने ठरवला, की मजकूर तेवढ्यातच सरकतो आणि चोविसावी ओळ जागची हलत नाही. मात्र पट्टा ठरवताच कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात जातो, म्हणून त्याची जागा आधी जतन करून नंतर परत आणावी लागते. आणि कर्सर मुळातच शेवटच्या ओळीवर असेल, तर आधी एक नवी ओळ छापून तो वर घ्यावा लागतो, नाहीतर सगळे आउटपुट त्या एकाच ओळीवर छापले जाते. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

स्थिर ओळ वर ठेवण्याचा प्रयोगही मी केला. दिसायला ती छान होती, पण पट्टा पहिल्या ओळीपासून सुरू होत नसेल, तर वर सरकलेला मजकूर माझ्या टर्मिनलच्या इतिहासात साठत नाही, हे सकाळी मागची नावे शोधताना कळले. तेव्हापासून ती तळाशीच आहे.

खिडकीचा आकार बदलला की पट्टा नव्याने ठरवावा लागतो. कंट्रोल-सी दाबल्यावर तो पूर्ववत करण्याची सोय स्क्रिप्टमध्ये आहे, परंतु प्रक्रिया सक्तीने मारली तर रीसेट ही आज्ञाच द्यावी लागते. आउटपुट फाइलमध्ये वळवल्यास हे संकेत लॉगमध्ये कचऱ्यासारखे उमटतात, म्हणून समोर टर्मिनल आहे की नाही हे आता आधी तपासले जाते.

देवनागरीने मात्र अजून दमवले आहे. ‘स्थिती’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हे आहेत, पण पडद्यावर तो किती रकाने व्यापेल याबाबत टर्मिनलांचे एकमत नाही आणि पुढचा आकडा कधी शब्दावर चढतो, तर कधी दूर पडतो. त्यामुळे तळओळीत आकडे आधी आणि शब्द शेवटी, अशी रचना मी केली आहे.