फोर्ड एफ-२५०: पेट्रोल की डिझेल?

फोर्डचा एफ-२५० हा अमेरिकेतला दणकट पिकअप ट्रक 'गॅस' इंजिनाचा घ्यावा की डिझेलचा, हा प्रश्न. अमेरिकेत 'गॅस इंजिन' म्हणजे पेट्रोलचं, आपल्याकडचं सीएनजी नव्हे. हा घोळ आधीच मिटवलेला बरा.

२०२३च्या एफ-२५० मध्ये ७.३ लिटरचं पेट्रोल व्ही-८ ४३० अश्वशक्ती आणि ४८५ पाउंड-फूट टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देतं. ६.७ लिटरच्या साध्या टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) डिझेलची शक्ती थोडीच जास्त, ४७५. पण टॉर्क थेट १०५०! मागे जड ट्रेलर लावून कोलोरॅडोत ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना हा फरक कळतो. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन धापा टाकतं. उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) कामी येतो, ब्रेक तापत नाहीत. खरं सुख तर तेच.

पण डिझेलसाठी हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात. इंजिन वजनदार, त्यामुळे ट्रकमध्ये लादायचा माल तेवढा कमी. वर डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) भरत राहा. रोज चार-पाच मैलच फिरणार असाल तर धुराच्या फिल्टरमधली काजळी नीट जळत नाही, तो तुंबतो.

वर्षातून दोनदा बोट ओढणाऱ्याने पेट्रोलच घ्यावं. दर आठवड्याला घाटात ट्रेलर ओढणाऱ्याला मात्र मी डिझेलच सुचवेन.