ट्रेलरचा मागचा कॅमेरा आणि बिलातली न टाकलेली वायर

आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरला (ट्रकमागे ओढून न्यायच्या फिरत्या घराला) मागचा कॅमेरा बसवून देताना पेनसिल्व्हेनियातील एका डीलरने न केलेल्या कामाचे पैसे घेतले, सांगितलेल्या मालाऐवजी दुय्यम माल बसवला आणि या खटाटोपात ट्रेलरच्या मागच्या भिंतीला एक अनावश्यक भोकही पाडून ठेवले. न्यू जर्सी आणि आसपासच्या भागातील आमच्या ओळखीच्या काही मराठी घरांत हल्ली ट्रेलर घेण्याचे बेत चालू आहेत. त्यांच्यापैकी कोणी अशाच बोलण्याला भुलू नये, म्हणून हा प्रकार तपशिलांसह लिहीत आहे.

ज्यांनी ट्रेलर ओढलेला नाही, त्यांना हा कॅमेरा म्हणजे हौसेची वस्तू वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात पिकअप ट्रकला सव्वीस फुटांचा ट्रेलर जोडला की एकूण लांबी पंचेचाळीस फुटांच्या आसपास जाते, ट्रकच्या आतल्या आरशात ट्रेलरच्या पुढच्या भिंतीखेरीज काहीही दिसत नाही आणि ट्रकचा स्वतःचा मागचा कॅमेरा फक्त ‘हिच’, म्हणजे ट्रेलर जोडण्याचा सांधा, दाखवतो. महामार्गावर मार्गिका बदलताना ट्रेलरच्या अगदी मागे चिकटून येणारी मोटार बाजूच्या लांब आरशांतही सापडत नाही. त्यामुळे कॅमेरा घ्यायचाच, हे आमचे आधीच ठरले होते आणि विक्रेत्याने ते आमच्या बोलण्यावरून लगेच ओळखले.

त्याने आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या आणि त्या तिन्ही खोट्या किंवा अर्धसत्य निघाल्या. पहिली अशी की, आता केंद्रीय कायद्यानुसार मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, त्यामुळे तो बसवल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर नेणे जोखमीचे ठरेल. अमेरिकेत 1 मे 2018 पासून दहा हजार पौंडांपर्यंतच्या एकूण वजनक्षमतेच्या नव्या मोटारी व हलक्या ट्रकांना मागचे दृश्य दाखवणारी यंत्रणा सक्तीची आहे, हे खरे आहे. परंतु हा नियम वाहनासाठी आहे, त्याला जोडलेल्या ट्रेलरसाठी नाही. ट्रेलरवर कॅमेरा नसला तर कोणी दंड करत नाही. दुसरी गोष्ट अशी की, कॅमेरा बाहेरून विकत घेऊन स्वतः बसवला, तर ट्रेलरची वॉरंटी रद्द होईल. 1975 च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्याने अशी सरसकट अट घालण्यास मनाई केलेली आहे. तुम्ही बसवलेल्या वस्तूमुळेच एखादा बिघाड झाला, तर उत्पादक तेवढा बिघाड नाकारू शकतो. मात्र बाहेरची वस्तू बसवली एवढ्याच कारणाने त्याला सगळी वॉरंटी झटकता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती आणि खरा पैसा तिच्यातच होता. ट्रेलरच्या मागच्या भिंतीवर, छताच्या कडेखाली, कारखान्यातूनच एक रिकामे ब्रॅकेट लावलेले होते. विक्रेत्याने सांगितले की, ते केवळ शोभेचे आहे, त्यात वीज येत नाही आणि कॅमेऱ्याला अखंड वीज मिळावी यासाठी पुढच्या बॅटरीपासून मागच्या भिंतीपर्यंत स्वतंत्र वायर टाकावी लागेल. त्यानुसार आलेल्या बिलात सात इंची पडद्यासह डिजिटल वायरलेस कॅमेऱ्याचे 589 डॉलर आणि ‘बॅटरीपासून स्वतंत्र वायर टाकणे व कॅमेरा बसवणे’ या कामाच्या चार तासांचे, तासाला 180 डॉलरप्रमाणे, 720 डॉलर लावले होते. कर निराळाच. कॅमेऱ्यापेक्षा तो बसवण्याची मजुरी जास्त कशी, हे विचारल्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने ट्रेलरखालचे आवरण उघडावे लागते, वायर पाइपातून न्यावी लागते, फ्यूज घालावा लागतो, असे इतके तपशीलवार वर्णन केले की ऐकणाऱ्याला स्वतःच्या शंकेचीच लाज वाटावी. खोटे बोलणारा माणूस एवढ्या बारकाईने बोलेल, असे आपल्याला सहसा वाटत नाही.

इथे त्या ब्रॅकेटविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक ग्राहकांना याच मुद्द्यावर फसवता येते. गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या अनेक ट्रेलरांना ‘कॅमेरा प्रेप’ असतो, म्हणजे कॅमेऱ्यासाठीचे ब्रॅकेट आणि त्यामागे वीज आणणाऱ्या दोन वायरी कारखान्यातच बसवलेल्या असतात. ही वीज सहसा ट्रेलरच्या मार्कर दिव्यांच्या, म्हणजे कडांवरील लहान दिव्यांच्या, वायरीतून घेतलेली असते. ट्रकचे पार्किंग किंवा हेडलाइट लावले की ट्रक आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधून मार्कर दिव्यांना बारा व्होल्ट मिळतात आणि त्याबरोबर कॅमेराही सुरू होतो. दिवे बंद केले की कॅमेराही बंद पडतो. ब्रॅकेटशी जुळणारा कॅमेरा असेल, तर झाकण काढणे, प्लग जोडणे आणि चार स्क्रू आवळणे एवढेच काम उरते. फ्युरियन आणि व्हॉयेजर या दोन कॅमेरा-ब्रँडांच्या ब्रॅकेटांचे आकार वेगळे असतात आणि एकाच्या ब्रॅकेटवर दुसऱ्याचा कॅमेरा थेट बसत नाही, त्यासाठी जोडपट्टी लागते. खरेदीआधी ब्रॅकेटचा फोटो काढून ठेवल्यास हा घोळ टळतो.

ट्रेलर घरी आणल्यावर आम्हाला पहिला संशय आला तो भर दुपारी. लख्ख उन्हात पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी सूचना दिसत होती आणि संध्याकाळी मात्र चित्र अगदी व्यवस्थित येत होते. डीलरला कळवले, तेव्हा तिकडून उत्तर तयार होते: ट्रेलरची लांबी आणि त्याच्या चौकटीतील धातू यांमुळे सिग्नल क्षीण होतो, 140 डॉलरचा अँटेना आणि एक तासाची मजुरी एवढ्यात काम होईल. म्हणजे पहिल्या फसवणुकीच्या लक्षणांवरच दुसरी विक्री उभी केली जात होती. परंतु अंतर दुपारी जेवढे होते तेवढेच संध्याकाळीही होते आणि ट्रेलरमधील धातूही काही सूर्यास्तानंतर विरघळत नव्हता. दिवसा आणि संध्याकाळी बदलत होती ती एकच गोष्ट, ती म्हणजे ट्रकचे दिवे. दिवसा ट्रकच्या पुढे आपोआप लागणारे डीआरएल दिवे चालू असले, तरी मागच्या मार्कर दिव्यांना वीज जात नाही. अंधारू लागले की ऑटोवर ठेवलेले हेडलाइट लागतात आणि मार्कर दिवेही त्यांच्याबरोबर लागतात.

तपासणी अगदी सोपी होती. माझी पत्नी ट्रकमध्ये बसून दिव्यांचा नॉब फिरवत होती आणि मी शिडीवरून मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे यंत्र) धरला होता. पार्किंग दिवे लावले की कॅमेऱ्याच्या प्लगवर बारा व्होल्टच्या थोडे वरचे आकडे दिसत, बंद केले की शून्य. बॅटरीपासून स्वतंत्र वायर टाकलेली असती, तर ट्रकच्या दिव्यांशी कॅमेऱ्याचा काहीही संबंध उरला नसता. कॅमेरा उतरवून पाहिले, तर तो कारखान्याच्याच दोन वायरींना जोडलेला होता आणि कारखान्याचा मूळ प्लग कापून तिथे साध्या क्रिम्प (पक्कडीने दाबून केलेल्या) जोडण्या केलेल्या होत्या. ब्रॅकेटच्या शेजारी नवे भोक होते आणि त्यातून एक जाड लाल वायर आत गेलेली दिसत होती. ती हलकेच ओढली, तर हातभर लांबीचा तुकडा बाहेर आला. त्याचे आतले टोक कशालाच जोडलेले नव्हते. ते नुसते कापून भिंतीत सारून ठेवलेले होते. शिडीखाली उभ्या असलेल्या ग्राहकाला नवी वायर दिसावी, एवढ्यासाठीच ते भोक पाडलेले होते. माझ्या दृष्टीने जादा पैसे घेण्यापेक्षाही हे वाईट आहे, कारण यात कामचुकारपणा नाही, तर आधीपासून रचलेला देखावा आहे.

त्या भोकावर न्हाणीघरात वापरतात तसले सिलिकॉन फासले होते आणि तेही उलट पद्धतीने. भिंतीवरील ब्रॅकेट बंद करताना वरची आणि दोन्ही बाजूंची कड भरतात आणि खालची मोकळी ठेवतात, जेणेकरून चुकून आत गेलेले पाणी निथळून जावे. इथे खालची कड घट्ट भरलेली होती आणि वरच्या बाजूला फट होती. म्हणजे पावसाचे पाणी वरून आत यायचे आणि भोकावाटे भिंतीच्या लाकडी थरात मुरायचे. भोकाखाली फायबरग्लासवर तळहाताएवढा फुगवटा आलेला होता आणि दाबल्यावर आतला थर मऊ लागत होता. असा फुगवटा एकदा पसरू लागला की नुसत्या डागडुजीने भागत नाही, कित्येकदा भिंतच उघडावी लागते.

कॅमेऱ्याबाबतची लबाडी त्याच्या बुडावरील लहानशा लेबलवरून उघड झाली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा वायरलेस उपकरणावर एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेचा, ओळख क्रमांक असावा लागतो आणि तो क्रमांक एफसीसीच्या संकेतस्थळावर टाकला की अर्जदार कंपनी, फ्रीक्वेन्सी आणि पुष्कळदा उपकरणाचे फोटो व माहितीपुस्तिकाही पाहायला मिळते. केवळ अर्जदाराचे नाव वेगळे दिसले म्हणून माल खोटा ठरत नाही, कारण अनेक कंपन्या दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर आपले नाव घालतात. आमच्या बाबतीत मात्र त्या माहितीपुस्तिकेतच हा कॅमेरा अ‍ॅनालॉग असल्याचे स्पष्ट लिहिले होते आणि बिलावर डिजिटल मॉडेल नोंदवलेले होते. खोके मागितले होते, तेव्हा ‘कार्यशाळेत फेकून दिले’ असे उत्तर मिळाले होते; ते का फेकले गेले, हे आता कळले. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याच्या चित्रात इतर उपकरणांच्या लहरींमुळे रेघा येतात. डिजिटलमध्ये रेघा येत नाहीत. पण सिग्नल तुटला तर काही मॉडेलांत शेवटचे चित्र तसेच गोठून राहते आणि चालकाला ते चालू दृश्य वाटते. म्हणून डिजिटल घेतानाही सिग्नल तुटल्यावर पडदा काळा होतो की चित्र गोठते, हे दुकानातच कॅमेऱ्याची वीज काढून पाहावे.

पैसे परत मिळवण्याचा मार्ग क्रेडिट कार्डमुळे बराच सुकर झाला. फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार ठरल्याप्रमाणे न दिलेल्या वस्तूविषयी किंवा सेवेविषयी लेखी तक्रार, तो आकार असलेले पहिले स्टेटमेंट पाठवले गेल्यापासून 60 दिवसांत कार्ड कंपनीकडे पोहोचावी लागते. ती पैसे भरण्याच्या पत्त्यावर नव्हे, तर बिलासंबंधी चौकशीसाठी दिलेल्या पत्त्यावर पाठवायची असते. कंपनीने 30 दिवसांत पोच द्यायची असते आणि दोन बिलचक्रांत, जास्तीत जास्त 90 दिवसांत, निर्णय कळवायचा असतो. फोनवर तक्रार नोंदवली तरी कायद्याचे संरक्षण लेखी पत्रालाच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आम्ही पत्रासोबत बिलाची प्रत, मल्टिमीटरच्या दोन्ही आकड्यांचे फोटो, वायरच्या तुकड्याचा मोजपट्टीसह फोटो आणि एफसीसीच्या नोंदीची प्रत जोडली. डीलरने ‘ग्राहकाने स्वतः छेडछाड केली’ असा पवित्रा घेतला. पण बिलात लिहिलेली वायर ट्रेलरमध्ये नेमकी कुठे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही. मजुरीची सगळी रक्कम आणि कॅमेऱ्याची किंमत परत मिळाली.

भिंतीत मुरलेल्या पाण्याचे नुकसान त्यात बसत नव्हते. त्यासाठी पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केली आहे आणि तिथल्या मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट न्यायालयात, जिथे 12,000 डॉलरपर्यंतचे दावे चालतात, दावा दाखल केला आहे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी सिलिकॉन खरवडण्याआधी किंवा भोक बुजवण्याआधी दुसऱ्या, संबंध नसलेल्या तंत्रज्ञाकडून ओलाव्याची लेखी पाहणी करून घ्यावी. तोपर्यंत पाणी आणखी आत जाऊ नये म्हणून वरून ताडपत्री बांधणे पुरेसे होते. दावा दाखल झाल्यावर डीलरने भोक फुकट बुजवून देण्याची तयारी दाखवली आहे, मात्र त्यासाठी ट्रेलर आठवडाभर त्यांच्या कार्यशाळेत ठेवावा, अशी अट घातली आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ट्रेलर त्यांच्या ताब्यात द्यायचा नाही, असे आम्ही त्यांना लेखी कळवले आहे.