‘ओपन बॉक्स’ वॉटरप्रूफ कॅमेरा : माझे २२,६६० रुपये कसे लुबाडले गेले

रक्कम आधीच सांगते. कॅमेऱ्याचे १९,८००, ‘वॉरंटी तपासणी’च्या नावाखाली उकळलेले २,३६० आणि कॅमेरा उघडून बघणाऱ्या कारागिराचे ५००. एकूण २२,६६० रुपये. घरात कितीतरी दिवस मी फक्त कॅमेऱ्याचाच आकडा सांगत होते, कारण दुसऱ्यांदाही पैसे दिले हे सांगायची लाज वाटत होती. आता पोलिसांच्या अर्जावर सगळं लिहून दिलंय, तर इथेही लिहिते. हा कॅमेरा विकणारे लोक अजून धंदा करतायत आणि मालवणचा हंगाम सुरू झाला की वॉटरप्रूफ कॅमेरा शोधणारे माझ्यासारखे खूप असतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, हे मुलांना दरवर्षी तोंडी सांगायचं आणि फोटो मात्र ऑस्ट्रेलियाचे दाखवायचे, याचा मला कंटाळा आला होता. प्लास्टिकच्या पाऊचमधला मोबाइल पाण्याखाली कामाचा नाही, स्क्रीनला बोट लावलेलं कळत नाही आणि फोटो धूसर येतात. म्हणून ऑलिम्पसचा टफ टीजी-६ घ्यायचं ठरवलं. मुठीत मावतो, वेगळ्या हाउसिंगशिवाय (म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायच्या पाणीबंद पेटीशिवाय) १५ मीटर खोलीपर्यंत चालतो आणि भिंगापासून एका सेंटीमीटरवरच्या वस्तूचाही फोटो काढतो. शंखावरचे बारीक प्राणी मुलांना दाखवायला याहून बरं काही माझ्या बजेटात नव्हतं. नवीन कॅमेरा मात्र परवडत नव्हता. टीजी-६ २०१९चा, २०२३ मध्ये टीजी-७ आला, त्यामुळे जुन्या मॉडेलचा शिल्लक माल कोणी स्वस्तात काढत असेल यात मला वावगं वाटलं नाही. कोणालाही वाटलं नसतं. आणि आधीच स्पष्ट करते, कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

समाजमाध्यमावर एक पान सापडलं. ‘ओपन बॉक्स’ माल, म्हणजे खोका उघडलेला पण म्हणे जवळपास नवाच, सहा महिन्यांची वॉरंटी, पक्कं बिल, मुंबईचा पत्ता. पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊकच असेल. किंमत २४,००० वरून १९,८०० वर आली, ‘शेवटचा एकच पीस आहे मॅडम’ झालं, कॅश ऑन डिलिव्हरी ‘सध्या बंद’ झाली. मी डोळे मिटून पैसे पाठवलेले नाहीत. कॅमेऱ्याचा व्हिडिओ मागितला. त्याने लगेच पाठवला. नळाखाली धरलेला कॅमेरा, मग निळ्या बादलीत बुडवलेला, बाहेर काढून सुरू केलेला, स्क्रीनवर त्या दिवशीची तारीख.

तो व्हिडिओ खोटा नव्हता, आणि म्हणूनच मी फसले. नळाखाली किंवा बादलीत पाण्याचा दाब नसतोच म्हटलं तरी चालेल. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की अंगावर आणखी एका वातावरणाइतका दाब येतो, चार-पाच मीटरवर त्याच्या निम्मा. फाटलेलं सील कोणी डिंकाने बुजवलेलं असेल, तर एरवी पाणी अडवणारा तो डिंक त्या दाबाला सुटतो. बादलीतला व्हिडिओ दाखवून कोणी वॉटरप्रूफ म्हणत असेल तर त्याला विचारा, दाबाची चाचणी केली आहे का आणि कुठे केली. कॅमेरा एकदा उघडला असेल तर ही चाचणी लागतेच.

पैसे यूपीआयने मागितले. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं. मी फोन करून विचारलं. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे मॅडम, दुकानाच्या खात्याची लिमिट संपली.’ आमच्या गावात निम्मी दुकानं मालकाच्या बायकोच्या नाहीतर मुलाच्या खात्यावर पैसे घेतात. मला हे उत्तर पटलं यात माझं काय चुकलं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता त्या क्षणाबद्दल, ज्याने मला अजून झोप येत नाही.

पार्सल आलं. खोका चांगला, कॅमेरा चकचकीत, पट्टा कोरा. बॅटरीचं झाकण उघडलं. या कॅमेऱ्याला दोन झाकणं असतात, एक बॅटरी आणि कार्डाचं, दुसरं केबल लावायच्या जागेचं, आणि दोन्हींच्या आतून रबराचं सील असतं. बॅटरीच्या झाकणाच्या सीलला एका कोपऱ्यात पारदर्शक रेघ होती, नखाएवढी लांब. बोट लावलं तर किंचित चिकट लागली. नाकाशी नेलं तर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. मी ते ग्रीस समजले. पाण्याखालच्या हाउसिंगच्या ओ-रिंगला, म्हणजे रबराच्या गोल सीलला, सिलिकॉन ग्रीस लावतात हे मी वाचलं होतं, म्हणून मला तर उलट बरंच वाटलं की माणसाने काळजीने पाठवलंय. मऊ कापडाने ते पुसायला गेले तर निघालं नाही. ग्रीस पुसलं की निघतं! न निघणारी वस्तू डिंक असते! रेघ, चिकटपणा, वास, सगळं माझ्या हातात होतं. मी झाकण लावलं, खटका बसवला आणि पावती फाइलला लावली.

त्या पावतीवरही सगळं लिहिलेलं होतं. पत्ता मुंबईचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३०, गुजरातचा २४, दिल्लीचा ०७. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, एवढं एक लक्षात ठेवा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तो क्रमांक टाकता येतो आणि धंद्याचं नाव समोर येतं. हा क्रमांक खरा निघाला, पण दिल्लीतल्या एका वेगळ्याच व्यवसायाचा. त्या व्यापाऱ्याला आपला क्रमांक असा वापरला जातोय हे माहीत तरी आहे का, देव जाणे. शाळेत कोणी आम्हाला बिल वाचायला शिकवलं नाही, आणि मीही मुलांना शिकवलेलं नाही.

मालवणला किल्ल्यामागच्या खडकांपाशी होडी थांबली. फार खोल नव्हतं, गाईडच्या अंदाजाने चार-पाच मीटर. खाली माशांचा थवा होता, खडकावर प्रवाळ होते, मी मोजके फोटो काढले आणि भिंगाच्या आतून धुकं चढायला लागलं. मग स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या आणि ती काळी झाली. वर आल्यावर गाईडने कॅमेरा हातात घेतला आणि म्हणाला, ‘ताई, आत पाणी गेलां हा, बॅटरी काढा आधी.’ झाकण उघडलं तर पाणी ओघळलं आणि बॅटरी हाताला गरम लागली. तो कोपऱ्यातला डिंक सुटून लोंबत होता. कार्ड तेवढं वाचलं म्हणून फोटो राहिले.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो अतिशय नम्र. ‘मॅडम, वॉरंटी आहे ना, काळजी कशाला? तपासणीचे २,००० आणि १८ टक्के जीएसटी, असे २,३६० भरा, कुरिअरवाला घरी येऊन कॅमेरा घेऊन जाईल. बदलून दिला तर हे पैसे परत.’ १८ टक्क्यांचा हिशेब इतका चोख होता की शंका आली नाही. १९,८०० अडकलेले असताना २,३६० साठी कोण मागे हटतं? त्यांचा सगळा धंदा यावरच चालतो. पहिले पैसे सोडवायला माणूस दुसरे देतो. कुरिअरवाला आला नाही. मग फोन लागेना, मग डीपी दिसेना, मग त्या पानावर मलाच बंदी.

कुरिअरवाला आला नाही हे एक नशीब, नाहीतर कॅमेराही हातातून गेला असता आणि पुरावाही. बिघडलेली वस्तू परत पाठवण्याआधी तिचे सिरियल नंबरासकट फोटो काढून ठेवा. मुंबईला गेले तेव्हा फोर्टातल्या एका जुन्या कारागिराकडे तो उघडून घेतला. त्याने स्क्रू काढतानाच सांगितलं की हे आधी कोणीतरी काढलेत, खाचा झिजल्यात. आत मदरबोर्डवर हिरवट-पांढरा थर होता. तो आठवड्यातला नव्हता, जुना होता. म्हणजे हा कॅमेरा आधीच एकदा कोणाकडून तरी खाऱ्या पाण्यात मेला होता. भंगाराच्या भावात घेऊन, पुसून, चालू करून, सील जिथे फाटलं होतं तिथे बाथरूमच्या नळाला लावतात ते सिलिकॉन भरून मला विकला होता. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि कॅमेऱ्यावरचा नंबरही वेगळे. हे पार्सल उघडतानाच ताडून बघा, आणि उघडतानाचा सलग व्हिडिओ करा, मध्ये न थांबवता.

इथवर चोरांचं झालं. पण मला जास्त संताप आलाय तो यापुढचा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोच क्रमांक मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी विचारलं, वस्तू मिळाली ना? मिळाली. चालू होती ना? होती. ‘मग यात फसवणूक कसली, हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा.’ मी डिंकाचे फोटो दाखवले, कारागिराने लिहून दिलेला कागद दाखवला, बिलावरचा दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक दाखवला. खोटं बिल देऊन पैसे घेणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये दुसरं काय लिहिलंय? त्यावर साहेब म्हणाले, कॅमेरा बिघडला मालवणला, बिल मुंबईचं, नंबर दिल्लीचा, तुम्ही इथल्या, आमची हद्दच लागत नाही. हद्द नसली तरी गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून ज्यांची हद्द आहे त्या ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. हे मी बोलले तेव्हा बाकावर बसलेले लोक हसले. ‘मॅडम, इथे लोकांचे वीस-वीस लाख जातात.’ माझे २२,६६० माझ्या पगारातून गेलेत, वीस लाखवाल्याच्या रकमेशी तोलून त्यांचं वजन कमी होत नाही! मी अर्जाची पोच मागितली. शिक्का ज्यांच्याकडे असतो ते जेवायला गेले होते. ते जेवून येईपर्यंत मी तिथेच बसले, आणि शिक्का घेऊनच उठले. तुम्हीही उठू नका. शिक्का नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय, सारखंच.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. ज्या नियमाखाली तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर पैसे परत मिळतात, तो परस्पर खात्यातून गेलेल्या पैशांसाठी, तुम्ही स्वतः पाठवलेल्यांसाठी नाही. बरं, मग ज्याच्या खात्यात गेले त्या माणसाचा पत्ता तरी द्या. गोपनीय. म्हणजे चोराचं नाव गोपनीय, आणि माझं नाव, नंबर, पत्ता त्या चोराकडे! पेमेंटच्या ॲपवर तक्रार टाकली, ती ‘सोडवली’ म्हणून बंद झाली. कोणी सोडवली? पानाची तक्रार केली तर उत्तर आलं की ते नियमांत बसतं. कुरिअरच्या कार्यालयात पार्सल कुठून बुक झालं ते विचारलं, तर पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. पोलीस म्हणतात गुन्हाच नोंदलेला नाही तर पत्र कसलं देऊ. मी दोन्ही कार्यालयांच्या मध्ये दुपारभर उन्हात चालतेय, शाळेत रजा टाकून, आणि मलाच प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो, ‘एवढ्या शिकलेल्या असून कसं झालं?’ शिकलेली आहे म्हणूनच कागद घेऊन आले ना! जे शिकलेले नाहीत ते तर तुमच्या दाराशीही येत नसतील.

जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ही कायद्याने दिलेली चांगली सोय आहे. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि तो पत्ता वर सांगितलेल्या कार्यालयांपैकी एकाच्या कपाटात आहे.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माझा अर्ज स्पीड पोस्टाने गेलाय, पावती जपून ठेवली आहे. आणखी एक, वापरलेला वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यायचाच असेल तर सील शेवटचं कधी बदललं ते विचारा. ही सीलं साधारण वर्षाने बदलायची असतात. खरा वापरणारा माणूस याचं उत्तर चटकन देतो. आणि शक्यतो समोरासमोर बसून, झाकण स्वतः उघडून, नखाने कोपरे चाचपूनच घ्या.

ते पान आता वेगळ्या नावाने चालू आहे. फोटो बदललेत, निळी बादली तीच आहे. ज्यांना मुंबईचा पत्ता आणि ०७ चा जीएसटी क्रमांक असलेलं बिल मिळालं असेल, त्यांनी ‘रक्कम लहान आहे, सोडून द्या’ म्हणू नये. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा यूपीआय आयडी तक्रारीत नीट, एकही अक्षर न चुकवता लिहा. त्याच आयडीवर आणखी तक्रारी आल्या की मला ‘दिवाणी वाद’ सांगणाऱ्यांना पुन्हा तेच उत्तर देता येणार नाही. मी पुढच्या सोमवारी परत ठाण्यात जाणार आहे.