प्लग उघडून बघायचा की स्कॅनर लावायचा?

गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे इंजिन मधूनच नीट पेटेना आणि झटके द्यायला लागलं, की आमच्या बेळगाव-खानापूर भागात दोन सल्ले हमखास मिळतात. जुना मेस्त्री म्हणतो, "आधी प्लग काढा की." म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग. मोठ्या गॅरेजवाला म्हणतो, "स्कॅनरला लावूया." स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. मी मेकॅनिक नाही, पण पेट्रोल गाडीच्या बाबतीत दोन्ही वाटा चालून बघितल्यात.

स्कॅनरला कमी लेखायचं कारण नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाडीत इंधनापासून ठिणगीपर्यंत सगळा कारभार ईसीयूकडं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडं. एखादा सेन्सर मधूनच दगा देत असेल तर प्लगकडं कितीही बघा, कळायचं नाही. पी०३०२ हा कोड आला की दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर (नीट पेट न घेणं), इतकं तो नेमकं सांगतो. का, ते मात्र नाही.

माझं घोडं अडलं ते इथंच. जुन्या चार सिलिंडरच्या गाडीला सकाळी स्टार्ट करताना निळसर धूर, जांबोटीच्या पुढं चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलं की पिकअप गायब. स्कॅनरवर कधी मिसफायर, कधी काहीच नाही. कोड पुसायचा, पैसे मोजायचे, गाडी घरी आणायची, आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच. प्लगला वीज देणारी कॉइलसुद्धा बदलून झाली. शेवटी चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. तीन छान बिस्किटी रंगाचे. दुसरा काळाकुट्ट, ओला, बोटाला चिकटणारा, आणि वास पेट्रोलचा नव्हे, जळक्या ऑइलचा. सिलिंडरमध्ये ऑइल उतरतंय हे सांगायला कोड लागला नाही. पिस्टनची रिंग की व्हॉल्व्ह सील, ते कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्यावर ठरलं, सील निघाले.

प्लगच्या बाकी खुणा अशा. कोरडी, मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. टोकाला फोड आलेला पांढराफटक प्लग म्हणजे इंजिन जादा तापतंय: हवा जास्त, नाहीतर चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचा) प्लग. पेट्रोलनं नुसताच भिजला असेल तर ठिणगी पडते का बघा. इंजेक्शनच्या गाडीत चांगला प्लगही बराच फिकट दिसतो, तेवढ्यानं घाबरू नका. आणि शहापूर-वडगावच्या गल्लीबोळांत फिरवलेल्या गाडीचा प्लग बघून निदान करू नये, काजळी धरतोच. निपाणीच्या बाजूला हायवेवर नीट पळवून, गाडी गार झाल्यावर उघडावा.

प्लगची वाट किचकट आहे, हे मान्य. प्लग खोल विहिरीत बसलेले, लांब पाना पाहिजे, आणि आपल्याकडची लाल माती त्या विहिरीत साचलेली असते. आधी हवा मारली नाही तर ती थेट सिलिंडरमध्ये. परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानंच फिरवायचे, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर खर्च वाढतो. भातावर औषध मारायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला मात्र विचारच नको, तिथं स्कॅनर लावणार कुठं?

गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, चेक इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर बहुतेक स्कॅनरच बरा. पण दिवा पेटत नाही, ऑइल कमी होतंय, मिसिंग अधूनमधून येतंय, अशी दहा वर्षं वापरलेली गाडी असेल तर मी आधी प्लग पाना काढीन. स्कॅनरवाल्याकडं गेलातच तर चारही प्लग तुमच्यासमोर काढायला सांगा, आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते खडूनं लिहून ठेवा.