बाइकचं कूलंट: घरी बदलायचं की वर्कशॉपला द्यायचं?

माझं मत आधीच सांगतो. गाडी निरोगी असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घरीच बदला. हे बोलणं रेडिएटरवाल्या गाड्यांपुरतं आहे: एनएस २००, ड्यूक, हिमालयन ४५० वगैरे. क्लासिक ३५० ला कूलंट नसतंच.

या कामाला इंजिन थंड लागतं. वर्कशॉपला गाडी आपण चालवतच नेतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट उसळून हात-तोंड भाजतं, म्हणजे गाडी निवेपर्यंत थांबणं आलं. शनिवारच्या गर्दीत मेकॅनिकला तेवढी सवड कुठली? घरी रात्री लावलेली गाडी सकाळी अंगणात थंडगार उभी असते.

दुसरं कारण हवेचं. नवीन कूलंट भरताना आत हवा अडकते आणि ती काढायला वेळच द्यावा लागतो. एकदा मी एका वर्कशॉपमधून कूलंट बदलून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी इंदूरहून ओंकारेश्वरला निघालो. सिमरोलच्या पुढे, भेरूघाटात ट्रकांच्या मागे रांगत असताना तापमानाचा दिवा लागला. गाडी निवल्यावर झाकण उघडलं, तर कूलंटची रिझर्व्ह टाकी काठोकाठ आणि रेडिएटर वरून चार बोटं रिकामा! तेव्हापासून मी हे काम दुसऱ्याच्या हाती दिलेलं नाही.

घरी मी झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवतो. भरलेल्या तोंडाशी आधी मोठे बुडबुडे येतात, मग मोहरीएवढे. गाडी डावी-उजवीकडे झुकवली, खालचा होज (रबरी नळी) हाताने दाबला की आणखी दोन-चार सुटतात आणि पातळी झपकन खाली जाते. भरायचं, परत बघायचं. कूलंट गरम होऊन वर यायच्या आत इंजिन बंद. पहिल्या फेरीनंतर, गाडी पूर्ण निवल्यावर, पुन्हा एकदा पातळी बघायची.

वर्कशॉपच बरं, असेही प्रसंग आहेत. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब गळत असेल तर आतलं सील गेलंय. इंजिन ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत दुधाळ रंग दिसला तर कूलंट ऑइलमध्ये शिरलंय. अशा वेळी नुसतं कूलंट बदलून काही होत नाही, सरळ गाडी द्या. आर१५ सारख्या गाडीचं फेअरिंग (बाजूचे प्लास्टिकचे पॅनल) उतरवायची भीती वाटत असेल तरीही द्या. घरी करणार असाल तर, जुनं कूलंट काढायचा ड्रेन बोल्ट बहुधा पंपाच्या कव्हरवर असतो. तो ॲल्युमिनियममध्ये बसतो, जोर लावला की आटे जातात. वॉशर नवीन घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (ठरलेल्या जोरानेच) आवळा.

आता तयार (पाणी आधीच मिसळलेलं) कूलंट की कॉन्सन्ट्रेट (पाणी आपण मिसळायचं)? आधीच्याच प्रकारचं नवीन कूलंट भरणार असाल आणि निघालेलं स्वच्छ असेल तर तयार घ्या, मापायची कटकट नाही. पण निघालेलं पाणी गंजकट असेल, तर डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन चालवून, निववून ते काढावं लागतं. असं धुतल्यावर थोडं पाणी आत राहतंच. वरून तयार कूलंट घातलं तर ते पातळ होतं. तिथे कॉन्सन्ट्रेट कामाचं: एकूण क्षमतेच्या निम्मं आधी ओता, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. दोन्हींत बाटलीवर सिलिकेट-फ्री लिहिलेलं बघा, आणि रंग सारखा म्हणून दोन कूलंट मिसळू नका.

इंदूरच्या सियागंजात किंवा छोट्या ग्वालटोलीत पाणी घेताना ‘डिस्टिल्ड वॉटर’ असंच मागा. बॅटरीच्या दुकानात ॲसिडचे कॅनही असतात. बोअरचं पाणी नकोच, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

जुनं कूलंट नालीत ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. ड्रेन करताना मी फाटक लावून घेतो, सांडलेलं लगेच पाणी टाकून पुसतो. बाकीचं घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून, जुनं कूलंट घेणाऱ्या वर्कशॉपला नेऊन देतो.