विमियम एक्स्टेन्शन: माउसला हात न लावता ब्राउझिंग, आठ महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू

आठ महिने झाले विमियम वापरतेय, क्रोमवर पण आणि फायरफॉक्सवर पण, त्यामुळे आता जरा खात्रीने लिहू शकते. ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी, हे ब्राउझरमध्ये टाकायचं एक एक्स्टेन्शन आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो, आणि वेब पेजवर आपण माउसने जी कामं करतो ती हे कीबोर्डवरून करू देतं, बस.

माझं काम दिवसभर वाचायचं आणि टाइप करायचं, एका वेळी वीस-पंचवीस टॅब उघडे, आणि संध्याकाळपर्यंत उजव्या मनगटातून कळा यायला लागायच्या. ब्राउझरचे स्वतःचे शॉर्टकट मला आधीपासून येत होते, म्हणजे नवीन टॅबला कंट्रोल टी, बंद करायला कंट्रोल डब्ल्यू, चुकून बंद झालेला परत आणायला कंट्रोल शिफ्ट टी, अ‍ॅड्रेस बारमध्ये जायला कंट्रोल एल. हे येत नसतील तर आधी हेच शिका, त्याला काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. नुसती स्पेस दाबली तरी पान खाली सरकतं आणि शिफ्ट धरून स्पेस दाबली की वर, हे सुद्धा कित्येकांना माहीत नसतं. पण एवढं सगळं येऊनही गाडी लिंकपाशी अडायचीच. पानाच्या मधोमध एखादी लिंक आहे, तिथे कीबोर्डने पोचायचं तर टॅब की दाबत दाबत आधी वरच्या मेनूतल्या सगळ्या लिंका पार करायच्या, कोण करणार, शेवटी हात माउसकडे जायचाच.

विमियममध्ये त्यासाठी एफ दाबायचं. दाबलं की स्क्रीनवर दिसणाऱ्या प्रत्येक लिंकवर, बटणावर, टाइप करायच्या चौकटीवर एक छोटी पिवळी चिठ्ठी येते आणि त्यावर एक-दोन अक्षरं असतात, ती अक्षरं टाइप केली की तिथे क्लिक झालं. शिफ्ट एफ दाबलं तर तीच लिंक नव्या टॅबमध्ये उघडते. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की पाठ काहीच करावं लागत नाही, आपली नजर तर आधीच त्या लिंकवर असते ना, अक्षरं तिथेच दिसतात, ती टाइप करायची. माउसचं म्हणजे आधी हात उचला, मग बाण कुठे हरवलाय तो शोधा, मग तो ओढत आणा, मग नेम धरा, आणि हे दिवसातून शेकडो वेळा. पहिल्या दिवशी पिवळ्या चिठ्ठ्यांचा पसारा बघून गोंधळायला होतं हे खरं, पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बोटं आपोआप चालायला लागतात आणि मग दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर बसलं की एफ दाबून काहीच होत नाही तेव्हा फार चुकल्यासारखं वाटतं.

बाकीच्या कमांड भरपूर आहेत, प्रश्नचिन्ह दाबलं की सगळी यादी समोर येते, पण ती एकदम शिकायला जाऊ नका. मी पहिला आठवडा फक्त एफ वापरलं. मग जे आणि के, खाली-वर सरकायला, डी आणि यू म्हणजे अर्धं अर्धं पान, जी दोनदा दाबलं की पानाच्या अगदी वर आणि शिफ्ट जी म्हणजे तळाला. शिफ्ट एच मागच्या पानावर, शिफ्ट एल पुढच्या. वाय दोनदा दाबलं की चालू पानाचा पत्ता कॉपी होतो, हे कोणाला लिंक पाठवायची असेल तेव्हा एकदम सोयीचं.

एफनंतर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शिफ्ट टीचा. मधोमध एक चौकट उघडते, त्यात उघड्या टॅबच्या नावातलं एखादं अक्षर-शब्द टाइप करायचा आणि एंटर, थेट त्या टॅबवर. वीस-पंचवीस टॅब झाले की वरच्या पट्टीत नुसती चिन्हं उरतात, नावं वाचताच येत नाहीत, तेव्हा हे म्हणजे मोठा आधार आहे. क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट ए दाबून असंच काहीसं एक्स्टेन्शनशिवायही होतं, ते पण करून बघा. आणि नुसतं ओ दाबलं तर त्याच चौकटीत हिस्टरी आणि बुकमार्क दोन्ही शोधता येतात.

जे खाली आणि के वर, हे असं उलटसुलट का, असं मला पण वाटलं होतं. हे विम नावाच्या टेक्स्ट एडिटरवरून आलंय, विम 1991 चा, आणि तो ज्या व्हीआय नावाच्या जुन्या एडिटरवरून आला तो बिल जॉय या प्रोग्रामरने 1976 मध्ये लिहिला. जॉय ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डवर, काम करायचे त्याच्या कीबोर्डवर बाणाच्या वेगळ्या कीज नव्हत्या, एच जे के एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. तर तेव्हाची ती सवय आज आपल्या ब्राउझरमध्ये आलीय, आणि बोटं मधल्या ओळीवरून हलवावी लागत नाहीत म्हणून ती अजूनही छान चालते.

आता त्रास. सगळ्यात मोठा म्हणजे एकेरी अक्षरांच्या कमांड. मी एकदा एका साइटवर मोठा फॉर्म भरत होते, कर्सर चौकटीबाहेर गेलेला लक्षात आला नाही आणि मी इंग्रजीत नेक्स्ट हा शब्द टाइप केला, त्यातल्या एक्सने टॅब बंद झाला आणि शेवटच्या टीने शेजारच्या टॅबवरून नवीन कोरा टॅब उघडला. शिफ्ट एक्स दाबून टॅब परत आला पण भरलेलं सगळं गेलं, पाऊण तासाचं काम होतं, खूप वाईट वाटलं. त्यानंतर मी सेटिंगमध्ये कस्टम की मॅपिंगच्या चौकटीत रोमन लिपीत अनमॅप लिहून पुढे एक्स टाकलं आणि ती कमांडच काढून टाकली, टॅब बंद करायला कंट्रोल डब्ल्यू आहेच. तुम्ही पण पहिल्या दिवशीच हे करा असं मी मनापासून सांगेन.

दुसरं, मराठी टाइप करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या ठरलेल्या मांडणीवर, असेल तर जेची की दाबली की ब्राउझरला र मिळतो आणि पान जागचं हलत नाही, मला आधी वाटलं एक्स्टेन्शनच बिघडलं. सेटिंगमध्ये कीबोर्ड लेआउट दुर्लक्षित करा अशा अर्थाचा एक पर्याय आहे तो टिक केला की मराठी चालू असतानाही कमांड चालतात, दर वेळी भाषा बदलत बसावं लागत नाही.

ब्राउझरची स्वतःची सेटिंगची पानं, एक्स्टेन्शन स्टोअर, क्रोममध्ये उघडलेली पीडीएफ, इथे विमियम चालत नाही. काही साइटवर बटण दिसायला बटण असतं पण आतून नीट बनवलेलं नसतं, तिथे चिठ्ठी येत नाही आणि माउस लागतोच. ईमेलसारख्या ज्या साइटचे स्वतःचे शॉर्टकट आहेत तिथे दोघांची भांडणं होतात, तर विमियमच्या सेटिंगमधल्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे वगळायच्या साइटच्या यादीत, त्या साइटचा पत्ता टाकून तिथे विमियम बंद ठेवता येतं. इन्स्टॉल केल्यावर आधीपासून उघडे असलेले टॅब रिलोड करा, नाहीतर तिथे काहीच होणार नाही.

इन्स्टॉल करताना सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी मागतं, ते वाचून मी पण दचकले होते. प्रत्येक पानावर चिठ्ठ्या लावायच्या तर त्याशिवाय जमणार नाही, आणि कोड उघडा आहे, तरी पण ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या आणि नाव नीट बघून घ्या. ऑफिसच्या मशीनवर एक्स्टेन्शन टाकायला बंदी असेल तर फायरफॉक्समध्ये एकेरी अवतरणचिन्ह दाबून लिंकमधला शब्द टाइप करा, फक्त लिंकांमध्येच शोधलं जातं आणि एंटर दाबलं की ती उघडते, विमियमइतकं झटपट नाही पण हात कीबोर्डवरच राहतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या एक्सचा कापला.