वापराबाहेरचे रूळ पाहायचे असतील तर: न्यूयॉर्कचे ट्रान्झिट म्युझियम आणि ६ क्रमांकाच्या गाडीचा वळसा

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे संग्रहालय पाहायला येणारे बहुतेक लोक जुन्या डब्यांसाठी येतात आणि ते डबे खरोखरच पाहण्यासारखे आहेत. वेताच्या आसनांचे, छताला पंखे असलेले १९३० च्या दशकातले डबे, १९४९ सालचा चकचकीत स्टेनलेस स्टीलचा डबा आणि १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी निळ्या रंगात सजलेला डबा अशी ती रांग आहे आणि प्रत्येक डब्यात शिरून बसता येते. तरीही माझ्या मते या संग्रहालयातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे हे डबे ज्यांवर उभे आहेत ते रूळ. ज्यांना रेल्वेच्या आखणीची, म्हणजे गाडी कुठे फिरते, कुठे थांबवून ठेवतात आणि बांधलेला बोगदा पडून का राहतो याची ओढ आहे, त्यांनी तिकिटाचे पैसे यासाठीच खर्च करावेत.

ब्रुकलिनमध्ये बोरम प्लेस आणि स्कर्मरहॉर्न स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर साध्या भुयारी स्थानकासारखाच जिना खाली उतरतो, कारण हे मुळात स्थानकच आहे. कोर्ट स्ट्रीट या नावाने ते ९ एप्रिल १९३६ रोजी उघडले. येथून रूळ पुढे नदीखालून मॅनहॅटनमध्ये न्यावेत आणि तेथल्या नियोजित सेकंड अ‍ॅव्हेन्यू मार्गाला जोडावेत, असा बेत होता. तो बोगदा कधीच झाला नाही. परिणामी मोठ्या मार्गावरचे मधले स्थानक होण्याऐवजी कोर्ट स्ट्रीट हे एका आखूड फाट्याचे टोक होऊन बसले, आणि शेजारच्या हॉइट–स्कर्मरहॉर्न स्थानकापर्यंत जाऊन परत येणारी एक-स्थानकी गाडी तेवढी त्याच्या वाट्याला आली. चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी, जास्त सोयीची स्थानके असताना अशा गाडीत कोण बसणार? १ जून १९४६ रोजी ते बंद झाले. पुढे ४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, येथे प्रदर्शन मांडले गेले आणि ते लोकांना इतके आवडले की तेच कायमचे संग्रहालय झाले.

वरच्या मजल्यावर बोगदे खणण्याचा इतिहास आणि तिकिटाच्या फिरत्या फाटकांचे नमुने आहेत. ते नीटनेटके आहेत, पण शनिवार-रविवारी बसच्या चाकामागे बसण्यासाठी मुलांची झुंबड उडते, तेव्हा तेथे फार रेंगाळू नये. खालच्या मजल्यावर मधोमध फलाट आणि दोन्ही बाजूंना रूळ आहेत. डब्यांना विजेचा पुरवठा करणारा तिसरा रूळ येथे आजही जिवंत आहे, कारण हे रूळ मुख्य जाळ्यापासून तोडलेले नाहीत. याच डब्यांपैकी काही खास फेऱ्यांसाठी बाहेर काढले जातात आणि काम झाल्यावर त्याच वाटेने परत आणून ठेवले जातात. बंद पडलेला फाटा असा आपोआप संग्रहालयाची कारशेड झाला. फलाटावरच सिग्नलची केबिन आहे. सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड, आणि सिग्नल एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे तेथला फलक दोन मिनिटे पाहिले तरी लक्षात येते.

संग्रहालयातून निघाल्यावर हॉइट–स्कर्मरहॉर्न स्थानकावर अवश्य थांबावे. तेथे सहा रूळ आहेत. मधल्या चार रुळांवर ए, सी आणि जी या गाड्या धावतात. कडेचे दोन रूळ आणि त्यांचे फलाट प्रवाशांसाठी बंद आहेत. हेच रूळ थेट आपण नुकत्याच पाहिलेल्या डब्यांपर्यंत जातात. ही जोडणी डोळ्यांनी पाहिली की संग्रहालयातला खालचा मजला जास्त नीट कळतो.

याच्या अगदी उलट उदाहरण मॅनहॅटनमध्ये आहे. तेथे स्थानक बंद आहे, पण रूळ दिवसरात्र राबतात. ६ क्रमांकाची गाडी ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉल येथे संपते आणि पुढे सिटी हॉल उद्यानाखालच्या वळशातून फिरून उत्तरेकडच्या फलाटावर येते. मोटरमनला या टोकाचा डबा सोडून त्या टोकाला जावे लागत नाही आणि सांधे ओलांडून उलटे निघावे लागत नाही, त्यामुळे गाडी लवकर मोकळी होते. या वळशावरच २७ ऑक्टोबर १९०४ रोजी उघडलेले सिटी हॉल स्थानक आहे. हाइन्स आणि लाफार्ज यांनी आखलेल्या त्या फलाटावर ग्वास्टाविनो पद्धतीच्या, म्हणजे पातळ फरश्यांचे थर जोडून केलेल्या कमानी आणि आकाशाकडे उघडणाऱ्या काचा आहेत. मात्र फलाटाची वाक इतकी तीव्र आहे की मधले दरवाजे असलेले नवे, लांब डबे आले तेव्हा दरवाजा आणि फलाट यांत धोकादायक फट पडू लागली. प्रवासीही कमीच होते, म्हणून १९४५ च्या अखेरीस ते बंद केले गेले.

शेवटच्या स्थानकावर न उतरता गाडीत बसून राहिले तर हा वळसा नेहमीच्या भाड्यातच पाहता येतो. जागा मिळावी म्हणून उलट दिशेने जाऊन तीच लोकल धरून बसणाऱ्या मुंबईकरांना हा प्रकार शिकवावा लागणार नाही. गाडीच्या दिशेने तोंड करून उजवीकडची खिडकी धरावी आणि काचेवर दोन्ही हातांची ओंजळ करून बाहेर पाहावे, नाहीतर डब्यातले दिवेच दिसतात. चाके कर्कश किंचाळतात आणि कमानी काही क्षणांतच मागे पडतात. वास्तुकला पाहायची असेल तर हे पुरेसे नाही, पण वळशाची वाक अंगाला जाणवते आणि स्थानक का बंद पडले ते वेगळे सांगावे लागत नाही.

असे रूळ राखून ठेवण्याचे मोल २०१२ च्या सँडी वादळानंतर दिसले. २००९ मध्ये उघडलेले नवे साउथ फेरी स्थानक पाण्याखाली गेले, तेव्हा शेजारचे जुने, वळशावरचे आणि नुकतेच निवृत्त केलेले स्थानक २०१३ मध्ये पुन्हा उघडून २०१७ पर्यंत चालवले गेले. तेथे पहिल्या पाच डब्यांचेच दरवाजे उघडत आणि फट भरायला सरकत्या पट्ट्या लागत, तरी गाड्या धावल्या. याउलट सेकंड अ‍ॅव्हेन्यू नावाच्या स्थानकातले (वर आलेल्या नियोजित सेकंड अ‍ॅव्हेन्यू मार्गाशी त्याची गल्लत करू नये) मधले दोन रूळ विल्यम्सबर्गकडे जाणाऱ्या, कधीच न झालेल्या मार्गासाठी घातले होते. २००१ ते २०१० या काळात व्ही गाडी तेथून परत फिरे. एरवी ते बहुतेक पडूनच असतात.

सिटी हॉल स्थानकात प्रत्यक्ष उतरवणारी मार्गदर्शित फेरी संग्रहालय केवळ आपल्या सदस्यांसाठी काढते. सदस्यत्व आणि फेरीचे वेगळे तिकीट असा तो खर्च होतो, आणि जागा झटकन भरतात. कमानी, फरश्या आणि पितळी झुंबरे यांची आवड असलेल्याने तो जरूर करावा. मला रुळांचे कुतूहल अधिक असल्याने संग्रहालयाचे साधे तिकीट, हॉइट–स्कर्मरहॉर्नचा फलाट आणि ६ क्रमांकाच्या गाडीचा वळसा हा क्रम जास्त पसंत आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळे सकाळी निघून दुपारपर्यंत आटोपता येते. फक्त निघण्यापूर्वी संग्रहालय त्या दिवशी उघडे आहे ना, हे तपासून घ्यावे, कारण ते आठवड्याचे सर्व दिवस खुले नसते.